जुना डेटाबेस न हलवता नवा जोडता येईल?

प्रश्न : वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचा जुना स्टॉक मायएसक्यूएलमध्ये आहे, नवं जँगो अ‍ॅप पोस्टग्रेसवर. दोन्ही एकत्र चालतील का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नक्की चालतील. जँगोत ही सोय २०१० च्या १.२ आवृत्तीपासून आहे. सेटिंग्जमध्ये दोन्ही डेटाबेसना नावं द्या आणि कोणतं मॉडेल कुठे वाचायचं-लिहायचं हे ठरवणारा राउटर लिहा. जुन्या टेबलांच्या मॉडेलमध्ये ‘मॅनेज्ड’ला ‘फॉल्स’ करा; मग मायग्रेशन त्या टेबलांची रचना बदलत नाही.

खरी काळजी पुढे आहे. दोन डेटाबेसांमध्ये फॉरेन की चालत नाही, आणि एकच ट्रान्झॅक्शन दोन्हीकडे लागू होत नाही. जुन्यात माल वजा झाला आणि नव्यात बिलाची नोंद अडकली, तर हिशेब जुळणार नाही. म्हणून शक्य तोवर जुन्या डेटाबेससाठी फक्त वाचनाचा हक्क असलेला युजर वापरा.