सॉन्सेरची पांढरी वाइन आणि शेळीचे चीज : एकाच गावची दोन उत्पादने

वाइन कोणत्या पदार्थाबरोबर घ्यावी हा प्रश्न हॉटेलवाल्यांचा, असे आपल्याला वाटते. परंतु त्याचे उत्तर द्राक्षबागेत तयार होते. फ्रान्समधील सॉन्सेर भागाचे उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे.

जमीन व जात

पॅरिसच्या दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटरवर, लुआर नदीच्या डाव्या तीरावर, टेकडीवर सॉन्सेर हे गाव वसलेले आहे. जमीन चुनखडीयुक्त असून काही ठिकाणी गारगोटी आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्झेरा या मुळांवरील किडीने येथील बागा उद्ध्वस्त झाल्या. त्यापूर्वी येथे प्रामुख्याने काळ्या द्राक्षांच्या जाती होत्या. नंतर अमेरिकन खुंटावर कलमे करून सॉव्हिन्यॉन ब्लाँ ही पांढरी जात मोठ्या प्रमाणावर लावण्यात आली. सन १९३६ मध्ये येथील पांढऱ्या वाइनला नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. ही वाइन फक्त याच जातीपासून व ठरवून दिलेल्या हद्दीतच करता येते.

शेळीची जोड

सॉन्सेरलगतच्या शाविन्योल गावात शेळीच्या कच्च्या दुधाचे लहान, गोल चीज करतात. दूध विरजून दही चक्क्याप्रमाणे कापडावर निथळतात, साच्यात भरतात, मीठ लावतात व किमान १० दिवस मुरवतात. या चीजलाही १९७६ मध्ये नावाचे संरक्षण मिळाले.

जोडी का जमते?

चीजमध्ये स्निग्धांश, मीठ व दह्याचा आंबटपणा असतो. वाइनमधील आम्लता जिभेवरील स्निग्धता दूर करते. आपण तळलेल्या मासळीवर लिंबू पिळतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पदार्थ आंबट असल्यास वाइनही तितकीच आंबट हवी, नाहीतर ती मिळमिळीत लागते.

इतर पदार्थ

१) शिंपले, वाफवलेली वा साधी तळलेली मासळी आणि हिरव्या पाल्याचा स्वाद असलेले पदार्थ या वाइनबरोबर चांगले लागतात.

२) फार तिखट पदार्थ टाळावेत. अल्कोहोलमुळे तिखटाचा दाह वाढतो.

३) गोड पदार्थांबरोबर ही वाइन अधिकच आंबट लागते.

४) वाइन ८ ते १२ अंश सेल्सिअस तापमानास द्यावी. फार थंड केल्यास सुवास दबतो.

आपण काय घ्यावे?

नाशिक परिसरात सॉव्हिन्यॉन ब्लाँची लागवड १९९७ पासून झाली. द्राक्षे पिकताना साखर वाढते व आम्लता घटते. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्या काळात ऊन वाढू लागले की आम्लता झपाट्याने उतरते. म्हणून केवळ साखर पाहून तोडणी ठरवू नये. साखर, आम्लता व रसाचा सामू या तिन्हींची वारंवार तपासणी करावी आणि तोडणी पहाटेच्या गारव्यात करून माल लगेच वाइनरीत पोहोचवावा. आम्लता एकदा गेली की वाइनचा ताजेपणा जातो व तिच्याबरोबर जमणारे पदार्थही कमी होतात.

दुसरा धडा जोडधंद्याचा. संगमनेरी व उस्मानाबादी शेळ्या आपल्याकडे आहेत, पण त्यांचे दूध बहुधा घरातच वापरले जाते. शाविन्योलच्या शेतकऱ्यांनी तेच दूध टिकाऊ केले, गावाचे नाव दिले आणि शेजारच्या वाइनबरोबर ताटात बसवले. एका मालाने दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळवून दिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.