शेजारची सीट कुठे बसवायची? (इयत्ता 8 वी ते 10 वी साठी एक कृतिपाठ)



आपल्या मुलांना गाड्यांचं वेड असतं. वहीच्या मागच्या पानावर लांब नाकाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार काढलेली नाही असा वर्ग शोधून सापडायचा नाही. त्या चित्राला आपण "अभ्यास सोडून हे काय?" म्हणतो. पण त्याच चित्रावर बोट ठेवून मुलांना एक प्रश्न विचारून बघा. "ही गाडी तू स्वतः बनवलीस, तर तुझ्या शेजारी बसणाऱ्याची सीट नेमकी कुठे बसवशील?" प्रश्न सोपा वाटतो, पण त्यात तरफ आहे, जडत्व आहे, मोजमाप आहे आणि एका माणसाचा जीवही आहे.

वर्धा जिल्ह्याला हाताने काम करता करता शिकण्याची कल्पना नवी नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथे हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि पुढे डॉ. झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा तयार केला. तीच नई तालीम. तेव्हा हातात टकळी होती. आजच्या मुलाच्या डोक्यात गाडी असेल, तर गाडीतूनही शिकवता येईल.

घरी गाडी बनवता येते का?

येते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी आपल्या मुलाच्या हौसेखातर भंगारातले आणि दुचाकीचे भाग जोडून छोटी जीप बनवली. खर्च आला सुमारे 60 हजार रुपये. गाडी सुरू व्हायची किक मारून! डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. पण कौतुक करतानाच महिंद्रा यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालवू देणार नाहीत.

मुलांना ही गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगा. कल्पकतेला सलाम करायचा. आणि नियम का असतात, हेही समजून घ्यायचं. शेजारच्या सीटचा विचार केला की ते "का" आपोआप कळतं.

जगात स्पोर्ट्स कार घरी जोडण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1957 साली कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन आली. ती सुट्या भागांच्या रूपात विकत घेऊन घरी जोडता येत असे. हलकी, बुटकी, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांच्या जरा पुढे दोन माणसं. आपण याच घडणीची एक गाडी कागदावर बनवू.

पायरी 1 : पुढे की मागे?

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बंडीत कापूस भरताना मागे जास्त भार झाला की बंडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे जास्त भरला तर सगळा भार मानेवर येतो. आसाच्या पुढे किती आणि मागे किती, हा तरफेचाच हिशोब आहे.

गाडीला दोन आस असतात. समजा, पुढच्या आणि मागच्या आसातलं अंतर 240 सेंमी आहे आणि शेजारी बसणाऱ्याचं वजन 60 किलो आहे. त्याचा भार पुढच्या आसापासून 180 सेंमीवर पडतो.

मागच्या आसावर येणारा भार = 60 × 180 ÷ 240 = 45 किलो
पुढच्या आसावर येणारा भार = 60 − 45 = 15 किलो

आता सीट 20 सेंमी पुढे घेऊ, म्हणजे अंतर 160 सेंमी.

मागच्या आसावर = 60 × 160 ÷ 240 = 40 किलो
पुढच्या आसावर = 20 किलो

बघा, सीट चक्क वीतभर सरकवली तरी फरक पडला फक्त 5 किलोचा. मुलांना इथे आश्चर्य वाटतं, कारण त्यांना वाटलेलं असतं की सीट सरकली की गाडीचा सगळा तोल बदलेल. मोजल्याशिवाय ठरवायचं नाही, हा पहिला धडा इथे मिळतो.

पायरी 2 : डावी-उजवी बाजू

समजा, डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर 120 सेंमी आहे आणि प्रत्येक सीटचा मध्य गाडीच्या मधल्या रेषेपासून 30 सेंमीवर आहे. 60 किलोचा चालक एकटा उजवीकडे बसला, तर उजव्या चाकांवर 45 किलो आणि डाव्या चाकांवर 15 किलो भार येतो. तिपटीचा फरक! शेजारी तेवढ्याच वजनाचा माणूस बसला की दोन्ही बाजू सारख्या होतात, 60 आणि 60. पण शेजारी 30 किलोचं मूल बसलं तर? उजवीकडे 52.5 आणि डावीकडे 37.5 किलो.

जड गाडीत हा फरक जाणवत नाही. पाच-सहाशे किलोच्या हलक्या गाडीत जाणवतो. म्हणून दोन्ही सीट मधल्या रेषेच्या जितक्या जवळ, तितकं तोलाला बरं.

पायरी 3 : पण खांद्यांचं काय?

इथे खरी अडचण सुरू होते. सीट जवळ आणल्या की दोघांचे खांदे एकमेकांना लागतात. चालकाचं कोपर गिअर टाकताना शेजाऱ्याच्या बरगडीत जातं. मधून इंजिनाचा दांडा मागच्या चाकांकडे जात असेल, तर त्याच्यासाठीही जागा सोडावी लागते.

बनवणाऱ्यांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले आहेत.

1. शेजारची सीट थोडी मागे घेणे. स्मार्ट फोरटू या छोट्या दोन सीटच्या गाडीत असंच केलं होतं. खांदे समोरासमोर येत नाहीत आणि कमी रुंदीत दोघं मावतात.
2. दुसरी सीट थेट मागे ठेवणे. 1955 च्या मेसरश्मिट केआर200 मध्ये शेजारी असा नव्हताच, दुसरा माणूस आपल्या स्कूटरसारखा मागे बसायचा.
3. चालकाला मध्ये बसवणे. 1992 च्या मॅक्लारेन एफ1 मध्ये चालक मध्यभागी आणि दोन प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना जरा मागे.

पहिल्या पायरीत आपण पाहिलं की सीट थोडी मागे नेल्याने भारात फारसा फरक पडत नाही. म्हणून पहिला मार्ग आपल्या कागदी गाडीला परवडतो. हा निष्कर्ष तुम्ही सांगू नका, मुलांनाच काढू द्या.

पायरी 4 : धडक झाली तर?

हा भाग वर्गात घाई न करता घ्या. चालकाला समोर रस्ता दिसतो, ब्रेक कधी लागणार हे त्याला आधी कळतं, हातात स्टिअरिंग असतं. शेजारच्याच्या हातात काहीच नसतं. त्याचा सगळा भरवसा सीटवर, बेल्टवर आणि ते बसवणाऱ्यावर असतो.

ताशी 36 किमी म्हणजे सेकंदाला 10 मीटर. आपल्या गावातल्या रस्त्यावर हा वेग काही फार नाही. गाडी भिंतीला धडकून 0.1 सेकंदात थांबली असं धरू. त्वरण येईल 100 मी/से². 60 किलोच्या माणसाला थांबवायला लागणारं बल :

60 × 100 = 6000 न्यूटन

म्हणजे जवळजवळ 600 किलो वजन टांगल्याएवढा ओढा. सीट आणि बेल्ट पातळ पत्र्याला दोन बोल्टने लावले असतील, तर पत्रा फाटणारच. म्हणून ते चेसिसच्या मुख्य पाइपांना मजबूत जाड पट्टी जोडून त्यावर बसवावे लागतात. आणि सीट 10 सेंमी मागे घेतली की बेल्टच्या जागाही त्या हिशोबाने बदलायच्या. कमरेचा पट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडांवर यायला हवा आणि खांद्याचा पट्टा खांद्याच्या खालून ओढला जाता कामा नये. गुडघे आणि डॅशबोर्ड यांत अंतर हवं. गाडी उलटली तर डोकं वरच्या संरक्षक कमानीच्या आतच राहायला हवं.

पालकांनो, आता हाच हिशोब आपल्या घरच्या गाडीला लावा. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर 10 किलोचं बाळ आहे. त्याला धरून ठेवायला 1000 न्यूटन बल लागेल, म्हणजे जणू एक क्विंटल कापूस दोन हातांनी अडवायचा. कोणत्याही आईच्या हातात ते बळ नाही. बाळाला मागच्या सीटवर, त्याच्यासाठीच्या खास आसनात बांधूनच बसवायचं.

नियमांचं कारण हेच. घरी बनवलेल्या गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचण्यांतून गेल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदणी मिळत नाही. त्या चाचण्यांत सीट आणि बेल्ट किती ओढ सहन करतात, हेही तपासलं जातं.

वर्गात करायची कृती

साहित्य : खडू, मोजपट्टी, दोन खुर्च्या, एक लांब मजबूत फळी, वजनकाटे 2.

* मैदानावर खडूने गाडीची आकृती खऱ्या मापात काढा. आत दोन खुर्च्या ठेवा. दोन विद्यार्थ्यांना शेजारी बसवून खांदे, कोपर, गुडघे यांची अंतरं मोजा. मग एक खुर्ची 10, 15, 20 सेंमी मागे घेऊन पुन्हा मोजा.
* फळीची दोन टोकं दोन वजनकाट्यांवर ठेवा. फळीवर दप्तर ठेवून ते सरकवत जा आणि दोन्ही काट्यांवरचे आकडे लिहा. बेरीज बदलते का? का बदलत नाही?
* वर्गातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या मुलाला त्याच जागी बसवा. एकच सीट दोघांना चालते का?

शेवटी प्रत्येकाने आपल्या गाडीत सीटची जागा ठरवून त्याची कारणं चार-पाच वाक्यांत लिहायची. त्यासोबत एक प्रश्न घरी न्यायला द्या : "या सीटवर तू तुझ्या लहान बहिणीला बसवशील का? नसशील, तर काय बदलशील?" मुलांची उत्तरं नक्की वाचा. कोणाला तरफ कळली आणि कोणाला जबाबदारी कळली, दोन्ही त्यात दिसेल.