मोर्णेच्या काठावर झाडं लावताना

बाबू, तुमच्या यादीतून गुलमोहर आणि सुबाभूळ आधी काढून टाक. आपल्याला शोभा नको, काठ धरून ठेवणारी मुळं पाहिजेत. मुंबईकडे हे काम खारफुटी करते, भरतीच्या लाटांचा जोर मोडते. म्हणून २०१२ साली वनखात्याने तिच्यासाठी वेगळा कक्षच काढला. आपल्याकडे समुद्र नसला, तरी जुलै २०२१मध्ये एका रात्रीच्या पावसाने मोर्णा नदी अकोल्यातल्या घरांत शिरलीच.

अगदी पाण्यालगत वाळा लाव. वीतभर अंतरावर एकेक फुटवा, आणि ओळ धारेला समांतर. उतारावरून खाली ओळ नेलीस तर पाणी त्याच वाटेने माती घेऊन जाईल. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली उतरतात. त्याच्या वर निरगुडी. तिला शेळी तोंड लावत नाही. मग अर्जुन, उंबर, जांभूळ. नदी पूर्णेकडे जाते तशी माती खारवत जाते, तिथे करंजावर भर दे.

मृगाच्या पहिल्या सरीला घाई करायची नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून ओल दिसते, पण पाणी भेगांतून केव्हाच निघून गेलेलं असतं. भेगा मिटू दे, आर्द्रा लागू दे, मग लाव. पावसाळ्यात बुंध्याशी आळं करू नको, काळ्या मातीत पाणी तुंबून मूळ कुजतं. उलट मातीचा उंचवटा ठेव. आळं दिवाळीनंतर, पाणी घालायची वेळ आली की.

१३ जानेवारी २०१८ला हजारो अकोलेकर मोर्णा साफ करायला उतरले, पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं. मला त्याचा आजही अभिमान आहे. पण नाल्यांचं सांडपाणी पात्रात येत राहिलं की जलकुंभी परत माजते. काढलेली जलकुंभी काठावर टाकू नका, लांब नेऊन खत करा.

जलसंपदा खात्याकडून पूररेषेचा नकाशा मागून घे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत कोणी भराव टाकताना दिसला, तर झाडं बाजूला ठेवून आधी तक्रार दे. पुराची जागाच बुजली तर वाळा काय करणार?

अमरावतीच्या पोरांनाही अंबा नाल्याबद्दल कळव. तिथे काठ अरुंद, वाळा-निरगुडी पुरे. पात्रात मोठं झाड वाढलं की कचरा अडकतो आणि पाणी घरांकडे वळतं.

आणि उन्हाळ्याची सोय आजच लाव. मे महिन्यात शनिवारी श्रमदानाला येणारे निम्मेही उरत नाहीत. काठावरच राहणारी दोन-तीन घरं पाण्यासाठी धर आणि त्यांना रोजच्या रोज मजुरी दे. पूर आला की पहिलं पाणी त्यांच्याच घरात शिरतं, ते झाड वाळू देणार नाहीत.