संगणकावरचं टपाल आटलं तर कुठं बघावं



आपल्यापैकी कित्येकांचं टपाल आता पोस्टमनच्या पिशवीतून येत नाही. सोसायटीच्या चिटणिसांना बँकेची पत्रं, कृषी सेवा केंद्रवाल्यांना कंपन्यांची दरपत्रकं, कुणाला माती परीक्षणाचा अहवाल, हे सारं ई-मेलने येतं. पुष्कळ जण ते दुकानातल्या किंवा कचेरीतल्या संगणकावर आउटलुक नाहीतर थंडरबर्ड या प्रोग्रॅममध्ये वाचतात. एखाद्या दिवशी हे टपाल येणं थांबतं. प्रोग्रॅम उघडतो, जुनी पत्रं दिसतात, सगळं ठाकठीक वाटतं. आणि पत्राची मुदत टळून गेल्यावर बँकेचा फोन येतो, तेव्हा कुठं उलगडा होतो. इस्लापूरहून संगणक उचलून किनवटला किंवा नांदेडला न्यायचा म्हणजे अख्खा दिवस मोडतो. बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

उसाच्या शेवटच्या सरीला पाणी पोचलं नाही, तर आपण लगेच मोटार खोलायला बसत नाही. आधी विहिरीत डोकावतो. इथंही तेच करायचं. आपली विहीर म्हणजे गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांचा मोठा संगणक. त्याला सर्व्हर म्हणतात. पत्र आधी तिथं पडतं आणि आपला प्रोग्रॅम ते पाइपातून ओढून आणतो. तेव्हा प्रोग्रॅम बाजूला ठेवा आणि मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये थेट कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तेच खातं उघडा. दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावरून स्वतःला एक ओळीचं पत्र पाठवा. ते तिथं दिसलं आणि प्रोग्रॅममध्ये नाही आलं, तर बिघाड आपल्या संगणकात. तिथंही नाही दिसलं, तर बिघाड वर विहिरीशी. एवढं ठरल्याशिवाय कुठलीही कळ दाबू नका.

विहिरीशीच खोट असेल, तर आधी 'स्पॅम'चा कप्पा उघडा. जुन्या पद्धतीच्या 'पॉप' जोडणीने फक्त मुख्य पेटीतलं टपाल येतं, स्पॅममधलं येत नाही. म्हणजे बँकेचं पत्र स्पॅममध्ये पडलं, तर संगणकावर त्याचा मागमूसही लागत नाही, आणि जीमेल स्पॅममधलं पत्र ३० दिवसांनी आपोआप काढून टाकतं. मग जागा बघा. गूगल फुकटात १५ जीबी जागा देतं, पण त्यात टपाल, ड्राइव्हमधल्या फाइली आणि फोटो सगळे एकत्र. १ जून २०२१ पासून मोबाइलवरून चढणारे फोटोही त्यात मोजले जातात. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओने कोठार भरतं आणि सोसायटीचं टपाल दारातून परत जातं, असा हा प्रकार आहे. मोठे व्हिडिओ दुसरीकडे उतरवून घ्या, वरचे काढा, कचराकुंडीही रिकामी करा.

बिघाड संगणकात असेल, तर दोन सोप्या गोष्टी आधी. आउटलुकमध्ये खालच्या पट्टीवर 'वर्किंग ऑफलाइन' अशी अक्षरं दिसतात का? चुकून ती कळ दाबली गेली, की प्रोग्रॅम टपाल मागायलाच जात नाही. दुसरं, घड्याळ. हसू नका. सर्व्हर बोलणी सुरू करताना मुदतीचं ओळखपत्र दाखवतो आणि आपला संगणक ते स्वतःच्या तारखेशी ताडून बघतो. जुन्या संगणकातला सीआर २०३२ नावाचा गोल सेल संपला असेल, तर वीज गेली-आली की तारीख काही वर्षं मागं जाते. मग त्याला प्रत्येक ओळखपत्र खोटं वाटतं. सेल बदलला, तारीख बरोबर केली, की काम झालं.

सगळ्यात जास्त घोळ मात्र पासवर्डचा असतो. 'पासवर्ड तोच आहे, तरी चूक म्हणतोय' ही तक्रार खरी असते. नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं गूगलने व्यक्तिगत खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतलं. मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक, हॉटमेलच्या व्यक्तिगत खात्यांना तोच नियम १६ सप्टेंबर २०२४ रोजी लावला. नवे प्रोग्रॅम कंपनीचंच प्रवेशाचं पान उघडून तिथं परवानगी घेतात. ही सोय नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमसाठी जीमेलमध्ये एक वाट आहे. खात्याला आधी दोन टप्प्यांची तपासणी लावायची, मग १६ अक्षरी 'ॲप पासवर्ड' काढून तो प्रोग्रॅममध्ये भरायचा. पुढं पोराने मोबाइलवरून मुख्य पासवर्ड बदलला, तर हा ॲप पासवर्डही रद्द होतो आणि दुकानातलं टपाल पुन्हा थांबतं. घरात दोघांनी एकमेकांना सांगायचं, एवढंच. मायक्रोसॉफ्टच्या व्यक्तिगत खात्याला मात्र अशी पळवाट नाही. तिथं प्रोग्रॅम नवा घ्यावा, नाहीतर ब्राउझरमध्येच टपाल वाचावं. विंडोजमधला फुकटचा 'मेल' प्रोग्रॅम कुणी वापरत असेल, तर त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपला आहे. त्याच्याशी झगडत बसू नये.

घाईघाईने करू नये अशी एक गोष्ट म्हणजे खातं काढून पुन्हा घालणं. 'आयमॅप' जोडणीत टपाल सर्व्हरवर राहतं, तिथं फारसं बिघडत नाही. पण 'पॉप' जोडणीत टपाल संगणकावर उतरवून वरची प्रत पुसलेली असू शकते. मग दहा वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका फाइलमध्येच असतो. आधी तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

आणि इंटरनेटवर सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरला फोन लावू नका. अशा नंबरांवर भामटे बसलेले असतात. ते संगणकाचा ताबा मागतात, ओटीपी मागतात आणि ऊसबिलाचे पैसे जमा झालेलं बँक खातं रिकामं करतात. कुणी फसलंच, तर त्याच घटकेला १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावं आणि बँकेला खातं थांबवायला सांगावं.

टपाल सुरू झाल्यावर एक काम उरतं. जागा भरलेली असताना जे टपाल परत गेलं, ते जागा मोकळी झाली म्हणून आपणहून येत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर काही काळ प्रयत्न करतो आणि सोडून देतो. म्हणून बंद पडल्याच्या दिवसापासूनची यादी करून बँक, सोसायटी, कंपनी यांना फोन करावा आणि पत्रं पुन्हा मागवून घ्यावीत.