टारबोल्डचं सुनीत कुठे मिळेल?

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ या जुन्या मालिकेत एक पात्र ‘नाइटिंगेल वुमन’ नावाच्या कवितेच्या ओळी म्हणतं आणि ती १९९६ साली फिनियस टारबोल्डने लिहिली असं सांगतं. हा कवी मला कुठेच सापडला नाही. ही कविता पूर्ण कुठे वाचायला मिळेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कुठेच नाही. टारबोल्ड नावाचा कवी झालाच नाही. मालिकेत ऐकू येतात त्या दोन ओळी, तेवढीच ही कविता.

ज्या भागात ती येते, तो अमेरिकेत २२ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. म्हणजे १९९६ हे साल तेव्हा तीस वर्षं पुढचं होतं! आकाशगंगेच्या कडेला झालेल्या अपघातानंतर गॅरी मिचेल या अधिकाऱ्याच्या अंगी अचाट शक्ती येऊ लागते. यानातल्या दवाखान्यात पडल्या पडल्या तो ग्रंथांमागून ग्रंथ संपवतो. तत्त्वज्ञ स्पिनोझा तर त्याला बाळबोध वाटतो. त्याची स्मरणशक्ती तपासायला डॉ. एलिझाबेथ डेनर एका पानाचा आकडा सांगते आणि तो त्या पानावरच्या ओळी धडाधड म्हणून दाखवतो. नेमकं हेच पान कसं निवडलंस, असा खट्याळ प्रश्न वर आहेच. गेल्या दोनेक शतकांतल्या सर्वांत उत्कट प्रेमसुनीतांपैकी हे एक, असं प्रशस्तिपत्रही तोच देऊन टाकतो. सुनीत म्हटलं की चौदा ओळी आल्या. उरलेल्या बारा कुणी लिहिल्याच नाहीत.

ज्या दोन आहेत, त्या मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या मानल्या जातात. दुसऱ्या महायुद्धात ते पॅसिफिक आघाडीवर बी-१७ बॉम्बफेकी विमानं चालवत. वैमानिकाला आपल्या विमानाबद्दल वाटणारं प्रेम त्यांनी त्या ओळींत मांडलं होतं, असं सांगतात. हे कळल्यावर त्या ओळींत प्रेयसीला दिलेल्या पंखांचा उलगडा होतो. प्रेयसीला पंख कशाला, असं तोवर वाटत राहतं.

आता थोडी गंमत. मिचेलच्या म्हणण्याप्रमाणे कविता लिहिली गेली कनोपस ताऱ्याच्या ग्रहावर. कनोपस म्हणजे आपला अगस्त्य. हिवाळ्यात संध्याकाळनंतर दक्षिणेकडे खाली ठळक दिसतो तो. तो आपल्यापासून सुमारे ३१० प्रकाशवर्षं दूर आहे. पुढे याच मालिकेच्या विश्वात माणसाचं प्रकाशापेक्षा वेगवान पहिलं उड्डाण २०६३ साली झालं असं ठरलं. मग १९९६ मध्ये अगस्त्यापाशी माणूस पोहोचणार कसा? तेव्हा एकतर टारबोल्ड परग्रहवासी, नाहीतर लेखकाने तारीख बेधडक ठोकून दिलेली. मला दुसरी शक्यता खरी वाटते. मालिकेचा पुढचा इतिहास तेव्हा कुणी रचलाच नव्हता.

दोनच ओळींवर थांबण्यात मात्र मोठं शहाणपण होतं. ‘शतकांतली श्रेष्ठ कविता’ असं म्हणून पूर्ण कविता पडद्यावर आणली असती, तर प्रेक्षकांनी तिची सालं काढली असती. याच मालिकेच्या पुढच्या पिढीत, १९९२ सालच्या एका भागात, डेटा हा यंत्रमानव आपल्या स्पॉट नावाच्या मांजरावर रचलेली कविता म्हणतो. शास्त्रीय परिभाषा ठासून भरलेली, वृत्तात बिनचूक आणि रसात कोरडीठाक. ती चांगली लांबलचक ऐकवतात, समोर बसलेला त्याचा सहकारी रायकर पेंगतो आणि आपल्याला हसू येतं. वाईट कविता हवी तेवढी ऐकवता येते, कारण तिच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नसते. श्रेष्ठ म्हणून सांगितलेली कविता झाकलेलीच बरी.

तेव्हा टारबोल्डचा शोध थांबवा आणि तो भाग पुन्हा पाहा. नाव आहे ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’. दवाखान्यातला तो प्रसंग चुकवू नका.