एका प्रश्नाला सोळा सेकंद

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सातवीत आहे. तिसरीत असताना त्याला डिस्लेक्सिया असल्याचं निदान झालं. पब्लिक स्कूलमध्ये त्याचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता शिक्षणाचा खास आराखडा आहे. नववीला त्याला खासगी हायस्कूलमध्ये घालायचा विचार आहे. प्रवेशपरीक्षेत जादा वेळ मागितला तर निकालावर शिक्का बसेल, असं ह्यांना वाटतं. कोल्हापूरहून सासरे विचारतात, ‘पोरगं एवढं हुशार, मग सवलत कशाला?’ आम्ही काय करावं?
– एक आई

उत्तर : सासऱ्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला की बाकीचं सोपं होईल.

अमेरिकेतल्या बऱ्याच कॅथलिक हायस्कुलांत एचएसपीटी ही परीक्षा घेतात. तिच्यातला पहिला भाग शब्दांचा. ६० प्रश्न आणि १६ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सोळा सेकंद. पुढे वाचनाचे ६२ प्रश्न २५ मिनिटांत. आता तुमचा मुलगा तिथं बसलाय असं डोळ्यांसमोर आणा. ‘फ्रॉम’च्या जागी तो ‘फॉर्म’ वाचतो, वाक्य जुळत नाही म्हणून मागे जातो, पुन्हा वाचतो. सोळा सेकंद संपले. तोच प्रश्न कुणी मोठ्यानं वाचून दाखवला असता तर उत्तर त्याच्या ओठांवर होतं. त्याला शब्द माहीत होता, घड्याळानं तो विचारूच दिला नाही. जादा वेळ मिळाला म्हणून न येणारं उत्तर येत नाही. येणारं उत्तर कागदावर उतरतं, एवढंच.

इंग्रजी स्पेलिंग या मुलांना जास्त छळतं. आपल्याकडे ‘क’ दिसला की बहुतेक वेळा ‘क’च वाचायचा. इंग्रजीत ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं ‘टफ’मध्ये एक बोलतात, ‘थ्रू’मध्ये दुसरं, ‘दो’मध्ये तिसरं. सासऱ्यांना हेही सांगा की महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या बोर्डातही अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता नावानिशी आहे.

आता शिक्क्याची भीती. ती कुठून आली हे समजण्यासारखं आहे. जादा वेळ घेऊन दिलेल्या एसएटी या कॉलेज प्रवेशपरीक्षेच्या निकालावर पूर्वी खरोखरच तशी खूण असायची. दोन्ही हात नसलेल्या एका परीक्षार्थीनं जीमॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेच्या निकालावरच्या अशाच खुणेविरुद्ध दावा लावला, तडजोड झाली, आणि २००३पासून एसएटीवरची खूणही गेली. हायस्कूल प्रवेशाच्या एसएसएटी आणि आयएसईई या दोन मोठ्या परीक्षांच्या निकालपत्रावरही सवलतीचा उल्लेख नसतो. यजमानांना एवढं निश्चिंतपणे सांगा.

शिवाय हे कुणाच्या मेहेरबानीवर नाही. अपंगत्व असलेल्यांच्या हक्कांचा १९९०चा अमेरिकन कायदा माध्यमिक शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांनाही स्पष्टपणे लागू आहे, आणि २००८च्या दुरुस्तीनं ‘वाचणं’ आणि ‘एकाग्र होणं’ हे शब्दही त्यात आले. मात्र एचएसपीटीची सवलत ती घेणाऱ्या शाळेकडेच मागावी लागते, आणि धार्मिक संस्थांच्या शाळांना या कायद्याच्या खासगी संस्थांविषयीच्या तरतुदींतून सूट आहे. तिथं आधी फोन करून नीट बोलून घ्या.

एसएसएटी किंवा आयएसईई देताना क्रम उलटा करू नका. सवलतीची मंजुरी आधी, परीक्षेची नावनोंदणी नंतर. सोबत आयईपी किंवा मानसशास्त्रीय तपासणीचा अहवाल लागतो. बऱ्याच बोर्डिंग शाळांची अर्जाची मुदत जानेवारीच्या मध्यात असते, तेव्हा आठवीची शाळा उघडायच्या आतच कागद पुढे सरकलेले बरे. तिसरीतला अहवाल आता जुना झालाय. खासगी तपासणीला काही हजार डॉलर सहज लागतात. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला लेखी पत्र देऊन फेरतपासणी मागा, ती ते विनाशुल्क करतात.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तुमच्या पत्रात ती नाही. आयईपी हा पब्लिक स्कूलचा करार आहे. तुम्ही आपणहून खासगी शाळेत गेलात की तो तिथं चालत नाही. ती शाळा काय देईल हे बरंचसं तिच्या मनावर आणि माणसांवर अवलंबून राहतं. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा लपवालपवी नको. वाचनाचे खास शिक्षक किती, दिवसाकाठी किती वेळ भेटतात, परकीय भाषेतून सूट मिळते का, हे तोंडावर विचारा. या प्रश्नांनी जी शाळा अवघडते, तिथं तुमच्या मुलाची चार वर्षं अवघड जाणार.

आणखी एक दार आहे, त्याचाही विचार करा. न्यूयॉर्क राज्यातली द गो स्कूल १९२६पासून डिस्लेक्सिया असलेल्या मुलांनाच शिकवते. मॅसॅच्युसेट्समधली लँडमार्क १९७१ची. तिथं प्रत्येक मुलाला रोज एका शिक्षकाबरोबर एकट्याचा तास असतो. अशा ठिकाणी एसएसएटीच्या गुणांना फारसं कुणी विचारत नाही. डब्ल्यूआयएससीसारख्या बुद्धिमापनाचा अहवाल मागतात आणि त्यातला चढ-उतार बघतात : शब्दांची समज कुठं आहे, काम उरकण्याचा वेग कुठं आहे. जो अहवाल यजमानांना दडवावासा वाटतोय, तोच इथं प्रवेशाचा कागद होतो. फी मात्र डोळे पांढरे करणारी आहे. काही वेळा डिस्ट्रिक्ट ती भरतं, पण आपल्याकडे या मुलाला योग्य शिक्षण देता येत नाही हे आधी सिद्ध व्हावं लागतं, आणि त्यासाठी वकीलही गाठावा लागतो.

एक विनंती. हे सगळं ठरवताना मुलाला खोलीबाहेर पाठवू नका. सातवीतलं पोर आपल्याला वाचायला वेळ का लागतो हे तुमच्याआधी ओळखून असतं. सराव परीक्षा घरी दोनदा द्यायला लावा, एकदा घड्याळ लावून आणि एकदा न लावता. दोन्ही उत्तरपत्रिका त्यालाच तपासू द्या, आणि आजोबांना व्हिडिओ कॉलवर त्या दाखवायचं कामही त्याच्याकडेच सोपवा.