कॉफी सुटली, सुपारी नाही

प्रश्न : आज कॉफीने कॅन्सर होतो म्हणतात, उद्या तीच कॉफी चांगली. अशा बातम्यांवर विश्वास तरी ठेवायचा का?

उत्तर : वाचकाची चीड रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला मूत्राशयाच्या कॅन्सरच्या संशयितांत बसवलं आणि २०१६ मध्ये पुरावा अपुरा म्हणून सोडून दिलं. आक्षेप उरला तो ६५ अंशांहून जास्त गरम पेयांवर; मग तो चहा का असेना.

खरा घोळ २०१५ साली झाला. सॉसेज, हॅम, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला संस्थेने तंबाखूच्याच पहिल्या, म्हणजे सर्वांत पक्क्या पुराव्याच्या गटात टाकलं आणि मथळेवाल्यांना आयतं कोलीत मिळालं. पण हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे समजा, एरवी शंभरातल्या पाचांना तो होणार असेल, तर साधारण सहांना होईल. सिगारेटमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका मात्र कित्येक पटींनी वाढतो.

शोनफेल्ड आणि इयोनिडिस या संशोधकांनी तर पाककृतींच्या पुस्तकातून ५० जिन्नस उचलले. त्यातल्या ४० जिन्नसांवर कॅन्सरविषयक अभ्यास निघाले! बहुतेकांचे पुरावे लेचेपेचे.

म्हणून सगळंच थोतांड समजू नये. जेवणानंतर तोंडात टाकली जाणारी सुपारी, तंबाखूशिवायची साधी सुपारीसुद्धा, त्याच पहिल्या गटात आहे. ती आधी सोडा.